पुराने दिलेले बंदर

खाऱ्या शंकरपाळ्यांत काळ्या मिरीची भरड घालावी लागते, हे कोणत्याही सुगृहिणीला सांगावे लागत नाही. पण त्या चार दाण्यांपायी जगात किती गलबते बुडाली, किती राजे सिंहासनावरून उठले आणि किती माणसे आपापली गावे सोडून परक्या किनाऱ्याला लागली, याचा हिशोब कोणी फराळ करताना मांडत नाही. तो मांडायचा झाला तर एका शहरात जावे लागेल. ते शहर म्हणजे मलबारच्या किनाऱ्यावरचे कोची.

आमच्या शाळेतल्या इतिहासात वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरतो. तिथे तो सामुद्री राजाला भेटतो आणि मग पुस्तकातून नाहीसा होतो. मुले पान उलटतात व बाबराकडे वळतात. वास्तविक त्या माणसाची खरी कहाणी कालिकतच्या दक्षिणेला, कोचीत संपते. आणि तिच्याबरोबर एका शहराची कहाणी सुरू होते. ती सांगण्यापूर्वी मात्र आपल्याला दोनशे वर्षे मागे जायला हवे. कारण कोची हे कोणा राजाने वसवलेले बंदर नव्हे. ते एका पुराने दिलेले बंदर आहे.

पेरियार नदीच्या मुखाशी पूर्वी मुचिरी नावाचे मोठे बंदर होते. ग्रीक-रोमन लोक त्याला मुझिरिस म्हणत. यवनांची जहाजे सोने घेऊन तिथे येत आणि मिरी भरून परत जात, असे जुन्या तमिळ काव्यात वर्णन आहे. रोमचा प्लिनी तर आपल्या साम्राज्याचा पैसा हिंदुस्थानाकडे वाहून चालला म्हणून चरफडला होता. मिरीत तिखटपणाखेरीज आहे तरी काय, असा त्याचा सवाल होता. त्याला आमच्या घरचा तिखट रस्सा कोणी वाढला नाही, एवढेच म्हणायचे!

पुढे १३४१ साली पेरियारला प्रचंड पूर आला. नदीने गाळ आणून टाकला, जुने मुख बुजत गेले आणि दक्षिणेला कोचीजवळ समुद्रात जाणारी वाट रुंदावली, असे परंपरा सांगते. एक बंदर मेले, दुसरे जन्माला आले. व्यापारी हा मुंगीसारखा प्राणी; साखर जिथे सांडेल तिथे त्याची रांग लागते. कोचीच्या राजांनीही पंधराव्या शतकाच्या आरंभी आपली गादी इकडे आणली. मग अरब आले, गुजराती आले, चिनी ताफ्यांची मोठमोठी जहाजेही येऊन गेली. त्या काळी चिनी ताफ्याबरोबर आलेल्या मा हुआनने आपल्या प्रवासवृत्तांत कोचीच्या लोकांचे आणि मिरीच्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर आजही जी अजस्र जाळी उभी दिसतात, ती त्या चिन्यांचीच देणगी, असे लोक म्हणतात. ती मकावहून पोर्तुगीजांनी आणली असावीत, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. ते काहीही असो. जाळे पाहण्याजोगे खरेच. कोकणातल्या आगरात लाटेने पाणी काढताना एका टोकाला माणूस व दुसऱ्या टोकाला दगड असतो ना, तीच ही युक्ती. पण दहापट मोठी. लाकडाचे लांब दांडे, त्यांना टांगलेले जाळे आणि मागे दोरांना बांधलेले दगड. चारपाच माणसांनी मिळून दोर ओढला की जाळे पाण्यातून सावकाश वर येते. आपण श्वास रोखून पाहतो, आणि जाळ्यात निघतात मूठभर मासळ्या व पुष्कळशी जलपर्णी! मासळी कमी झाली, खाडी गाळाने भरत गेली. त्यामुळे जाळ्यांची संख्याही घटत आली आहे. प्रवाशांनी काढलेल्या छायाचित्रांवर कोळ्याचे पोट भरत नाही, हे त्यांनी विसरू नये.

आता त्या वास्कोच्या मंडळींकडे वळू. १५०० सालच्या डिसेंबरच्या २४ तारखेला काब्राल नावाचा पोर्तुगीज सरदार कालिकतला भांडून कोचीला आला. कालिकतच्या सामुद्रीचा दाब कोचीच्या राजावर होता. तो झुगारण्यासाठी त्याला कोणीतरी बलवान सोबती हवाच होता. त्याने पोर्तुगीजांना मिरी दिली आणि जागा दिली. सामुद्री खवळला. त्या फिरंग्यांना आमच्या स्वाधीन कर, असा त्याचा हट्ट. राजाने मानले नाही. १५०३ साली सामुद्रीची फौज कोचीवर चालून आली. राजाला शहर सोडून पलीकडच्या वैपीन बेटावर आश्रय घ्यावा लागला. तरी पाठीशी घातलेल्या परक्यांना त्याने शत्रूच्या हाती दिले नाही.

वाचकहो, शरण आलेल्यासाठी राज्य पणाला लावणाऱ्या शिबिराजाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ही गोष्टही सांगावी. पण मग तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. पोर्तुगीजांची कुमक आली, राजा पुन्हा गादीवर बसला आणि उपकाराची फेड म्हणून त्याच वर्षी त्याने त्यांना किल्ला बांधण्याची परवानगी दिली. हिंदुस्थानच्या भूमीवरचा हा पहिला युरोपीय किल्ला. राजाच्या घरी पाहुणा म्हणून आलेला माणूस ओसरीवरून माजघरात आला तो असा. काही वर्षांतच मिरीचा भाव कोणी ठरवायचा, कोणाच्या जहाजाला परवाना द्यायचा, याचे निर्णय त्या किल्ल्यात होऊ लागले. राजा राजाच राहिला; फक्त राज्य हळूहळू त्याच्या हातून निसटले.

किल्ल्यातले पहिले लाकडी देऊळ म्हणजे आजचे संत फ्रान्सिसचे चर्च. पुढे १५१६ साली ते दगडाविटांचे झाले. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो पोर्तुगालच्या राजाचा प्रतिनिधी होऊन. आणि अवघ्या काही महिन्यांत, १५२४ च्या डिसेंबरच्या २४ तारखेला, कोचीतच वारला. योगायोग असा, की काब्राल इथे प्रथम आला त्याचीही तारीख हीच. वास्कोला या चर्चमध्ये पुरले. पुढे त्याचा मुलगा अस्थी पोर्तुगालला घेऊन गेला. आज तिथे फरसबंदीत एक शिळा व तिच्याभोवती कठडा आहे. ज्याने दोन खंडांचे नशीब बदलले, त्याच्या नावाने उरलेली ती रिकामी जागा पाहून माणूस क्षणभर गप्प होतो.

या एका इमारतीत तीन राज्यांचा इतिहास मावला आहे. पोर्तुगीजांच्या काळी ती कॅथलिकांची. १६६३ साली डचांनी कोची जिंकल्यावर ती प्रॉटेस्टंटांची. १७९५ साली इंग्रज आल्यानंतर पुढे अँग्लिकनांची. भिंती त्याच, देव तोच. फक्त प्रार्थनेची भाषा दर खेपेस बदलली.

याच पोर्तुगीजांच्या दुसऱ्या एका करणीचा संबंध आपल्याकडच्या लोकांशी येतो. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, १५६० साली इन्क्विझिशन बसले. तेव्हा अनेक सारस्वत कुटुंबे देव आणि मुलेबाळे घेऊन दक्षिणेकडे निघाली. त्यांतली काही कोचीला लागली. ज्यांच्या भयाने गाव सोडले, त्यांचाच किल्ला कोचीच्या तोंडाशी उभा होता! पण किल्ल्याबाहेर मट्टांचेरीला राजाची हद्द होती. तिथे चेर्लाई भागात त्यांनी घरे बांधली, तिरुमल देवाचे देऊळ उभारले, व्यापार वाढवला. चारशे वर्षे उलटून गेली, तरी त्या आळ्यांत कोकणी बोलली जाते. मल्याळीच्या गजबजाटात अचानक ओळखीचा शब्द कानांवर पडला, की आपल्या माणसाला परगावी भेटल्यासारखे वाटते.

या कोकणी मंडळींनी एक मोठे काम करून ठेवले आहे. डचांचा तिथला गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा एक महाग्रंथ तयार करवला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि ताम्रपटांवरून छापलेली सुंदर चित्रे आहेत. ही माहिती डचांना कोठून मिळाली? रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य आणि इट्टी अच्युतन हा एळवा जातीचा मल्याळी वैद्य यांच्याकडून. पहिल्या खंडात या चौघांची प्रशस्तिपत्रे छापली आहेत. तिघा भटांचे पत्र १६७५ सालचे. भाषा कोकणी, लिपी नागरी. युरोपात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्यावहिल्या नागरी अक्षरांत त्याची गणना होते.

आता यातली मौज पाहा. त्या काळच्या समाजात ब्राह्मण पंडिताने एळव्याच्या सावलीपासूनही दूर राहावे, अशी रीत. पण झाडपाल्याच्या विद्येला विटाळ नव्हता. इट्टी अच्युतनच्या घरची ताडपत्रे आणि पंडितांच्या पोथ्या एकाच ग्रंथात शेजारी येऊन बसल्या. पुढे लिनियससारख्या शास्त्रज्ञाने आपल्या वर्गीकरणासाठी या ग्रंथाचा आधार घेतला. ग्रंथ लॅटिनमध्ये असल्यामुळे ज्यांचे ज्ञान त्यात होते, त्यांच्याच वंशजांना तो तीनशे वर्षे वाचता आला नाही. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालून त्याचा अनुवाद केला. इंग्रजी अनुवाद २००३ साली आणि मल्याळी २००८ साली प्रसिद्ध झाला. देणे फिटायला कधी कधी एवढा वेळ लागतो.

मट्टांचेरीतच एक राजवाडा आहे. लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. पण तो बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, आणि राजाला नजर केला. डचांनी फक्त डागडुजी केली आणि नाव मिळवले. आपल्याकडेही विहीर खणणारा एक व पाटीवर नाव दुसऱ्याचे असा प्रकार काही अपूर्व नाही! बाहेरून हा वाडा अगदी साधा, पांढऱ्या भिंतींचा आणि उतरत्या कौलांचा आहे. आत शयनगृहात मात्र भिंतभर रामायण उलगडते. दुसऱ्या दालनांत गोवर्धन उचलणारा कृष्ण आहे, शिवमोहिनी आहेत. तांबडा, पिवळा, हिरवा असे गडद रंग. आकृत्या एकमेकींना इतक्या भिडलेल्या, की मधे बोटभर जागा रिकामी नाही. आपल्याकडच्या अजिंठ्याची सावकाश, शांत रेषा इथे शोधू नये. हे एखाद्या भरल्या पंगतीसारखे चित्र आहे.

वाड्याच्या आवारात भगवतीचे देऊळ आहे, आणि पलीकडे लागूनच ज्यूंचे प्रार्थनामंदिर. राजाची देवी आणि परदेशी प्रजेचा निराकार देव यांच्यामध्ये एक भिंत काय ती. हे मंदिर १५६८ साली बांधले गेले. १६६२ साली डचांचा पहिला वेढा उठला, तेव्हा शत्रूला मदत केली म्हणून पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली. डच आल्यावर ते पुन्हा उभे राहिले. अठराव्या शतकात एझकिएल रहाबी नावाचा मोठा ज्यू व्यापारी डच कंपनीचा आधारस्तंभ होता. त्याने इथे चीनहून निळ्या-पांढऱ्या फरश्या आणवून बसवल्या. त्या हाताने रंगवलेल्या असल्यामुळे एक फरशी दुसरीसारखी नाही, असे सांगतात. १७६० साली त्याने घड्याळाचा मनोराही बांधला. त्याच्या एका तबकडीवर रोमन, दुसरीवर हिब्रू व राजवाड्याकडच्या तबकडीवर मल्याळी अंक! वेळ एकच, ज्याने त्याने ती आपल्या अक्षरांत वाचावी.

या रहाबी नावाशी आपल्या कोकणाचेही नाते आहे. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल लोकांना, म्हणजे आपल्या ‘शनिवार तेल्यां’ना, त्यांच्या विसरलेल्या धर्माची पुन्हा ओळख करून देणारा दावीद रहाबी हा गुरू त्यांच्या परंपरेत वंदनीय आहे. पुढे एकोणिसाव्या शतकातही कोचीहून ज्यू शिक्षक मुंबईला आले. मराठी बोलणाऱ्या, मराठीतून कीर्तने करणाऱ्या या समाजाला हिब्रूचे धडे मलबारने दिले.

पण कोचीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या मंदिराला राजाने भिंतीला भिंत लावून जागा दिली, त्याच्या आतच भेदाची दुसरी भिंत होती. स्वतःला ‘परदेशी’ म्हणवणारे गोरे ज्यू सावळ्या मलबारी ज्यूंशी सोयरीक करीत नसत. आणि पूर्वीच्या दासदासींच्या वंशजांना तर मंदिरात बरोबरीने बसण्याचाही अधिकार नव्हता. बाहेरच्या जगात छळ सोसलेल्या माणसांनी इथे येऊन आपल्याच भावंडांसाठी पायरी ठरवावी, हे वाचताना आपल्याला नवल वाटते. पण वाटू नये. आपल्या देशाचे पाणी ज्याने त्याने प्यायले, त्यातले चांगलेही प्यायले आणि वाईटही. ए. बी. सालेम (१८८२–१९६७) हे त्या वंचितांतले वकील. त्यांनी गांधीजींचा मार्ग धरला आणि प्रार्थनामंदिरातच सत्याग्रह केला. हळूहळू बंधने सैल झाली, बाके मोकळी झाली.

बाके मोकळी झाली ती दुसऱ्या अर्थानेही. १९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्मले आणि त्यानंतरच्या वर्षांत कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे निघून गेले. त्यांना कोणी हाकलले नाही. शेकडो वर्षे रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले, तिची हाक आली आणि ते गेले. १९६८ साली मंदिराला चारशे वर्षे झाली, त्या सोहळ्याला पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या, टपाल तिकीट निघाले होते. पण ज्यू रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. पुढे ते दहासुद्धा जमेनात. कोचीच्याच दुसऱ्या एका प्रार्थनामंदिराचे कोरीव लाकडी अंतरंग उचलून जेरुसलेमच्या संग्रहालयात मांडले आहे. इथे मंदिर आहे, माणसे नाहीत. तिथे माणसे आहेत, मंदिर काचेआड. आपल्या कोकणात मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची कुलूपबंद घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आळीतून चालताना निराळे काही समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की चाकरमानी गणपतीला तरी परततो.

बंदराचे आजचे रूप मात्र माणसाने घडवलेले. मुखाशी वाळूचा बांध असल्यामुळे मोठी जहाजे आत येऊ शकत नसत. बाहेर समुद्रात उभी राहत व माल होड्यांनी आणावा लागे. पावसाळ्यात तर सगळाच खोळंबा. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता आला. त्याने तो बांध कापला, खाडीचा तळ खणला आणि निघालेल्या गाळाचे एक बेटच उभे केले. तेच विलिंग्डन बेट. १९२८ च्या मे महिन्याच्या २६ तारखेला ‘पद्मा’ ही आगबोट नव्या बंदरात शिरली. १३४१ साली गाळाने एक बंदर बुजवले होते. सहा शतकांनी त्याच गाळावर दुसऱ्या बंदराच्या गोद्या उभ्या राहिल्या. गाळ तोच, वापरणाऱ्याची बुद्धी निराळी.

आज कोचीला जाणाऱ्याची चैन आहे. २०१२ पासून भरणाऱ्या कलामहोत्सवात जुन्या वखारींतून देशोदेशींच्या चित्रकारांची कामे पाहायला मिळतात; २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या नौका बेटाबेटांमधून फिरतात; संध्याकाळी कथकळीचे रंगलेले चेहरे पाहता येतात. सोन्याच्या बाजारातून फिरताना कान उघडे ठेवावे. विटा-खानापूर-आटपाडीकडचे सोने गाळणारे गलाई कारागीर देशभर पसरले आहेत. केरळातल्या शहरांतही त्यांची दुकाने आहेत. ‘काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ असा खणखणीत सवाल येण्याचा पुष्कळ संभव आहे. कोचीत येऊन राहिलेल्यांच्या लांबलचक यादीत आता आपलेही नाव आहे.

त्या यादीत अरब आहेत, चिनी आहेत, फिरंगी आहेत, गोव्याहून पळालेले आहेत, जेरुसलेमची आठवण जपणारे आहेत. कोणी लुटायला आले, कोणी जीव वाचवायला, बहुतेक सगळे चार पैसे मिळवायला. शहराने सर्वांना वाट दिली. काहींनी त्याचे पांग फेडले, काहींनी ओसरी देणाऱ्यालाच बाहेर काढले. म्हणून दार लावून घ्यावे काय? ऑगस्ट २०१८ मध्ये पेरियार पुन्हा चढली. शेकडो माणसे दगावली, कोचीचा विमानतळही पाण्याखाली जाऊन बंद पडला. त्या दिवसांत किनाऱ्यावरचे कोळी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून आतल्या गावांत गेले आणि अडकलेल्या हजारो माणसांना त्यांनी छपरांवरून उतरवून आणले. छपरावर बसलेल्याची जात, धर्म, गाव विचारायला त्यांना सवड नव्हती.

कोचीला गेलात तर किल्ल्याची तटबंदी, राजवाडा, चर्च, घड्याळ हे सारे पाहाच. पण सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर त्या जाळ्यांपाशीही जा. दोर ओढायला एखादा माणूस कमी पडला, तर ते लोक जवळच्या पाहुण्याला हाक मारतात. हात लावावा. चार दगड, एक दोर आणि आपल्यासारख्या पाचजणांचे बळ. एवढ्याने ते भलेमोठे जाळे पाण्यातून वर येते.